सौरडागांचा पाठलाग करत जंगलात शिरलेला खगोलशास्त्रज्ञ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहेत, सौरडागांच्या नोंदींवर प्रकल्प करत आहेत आणि पुढे त्यांना परिसंस्थाशास्त्रात यायचं आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खगोलभौतिकी आणि परिसंस्था या दोन्हींत भरीव काम केलेलं खरंच कुणी आहे का? आतापर्यंत शिकलेलं वाया जाईल का? आणि सुरुवात कुठून करायची?

मी झाडांच्या वर्षवलयांवर, म्हणजे खोडात दर वर्षी पडणाऱ्या गोल कड्यांवर, काम करतो, त्यामुळे उत्तर त्याच बाजूला झुकलेलं असेल. हे आधीच सांगून ठेवतो.

अशा प्रश्नाला सहसा रॉबर्ट मे यांचं नाव दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. सिडनीत सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकलेला, अतिवाहकतेवर पीएच.डी. केलेला हा माणूस १९७३ साली प्रिन्स्टनमध्ये प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याआधीच्या वर्षी ‘नेचर’मधल्या एका छोट्या निबंधात त्यांनी दाखवलं होतं की जाती आणि त्यांचे परस्परसंबंध यादृच्छिकपणे वाढवत नेले तर व्यवस्था अधिक स्थिर होत नाही, उलट डळमळीत होते. तोवर बहुतेक परिसंस्थातज्ज्ञ नेमकं उलटं मानत होते. पण मे यांचा रस्ता कागद-पेन्सिलीचा होता. ज्याला गणितात असामान्य गती आहे त्यानं तो जरूर धरावा. बाकीच्यांनी माझ्या मते अँड्र्यू एलिकॉट डग्लस यांच्याकडे पाहावं. तुमचा विषय तर त्यांचाच विषय आहे: सूर्यावरचे डाग.

डग्लस यांचा जन्म १८६७चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. हार्वर्डच्या वेधशाळेत नोकरी, तिथून पेरूमधल्या अरेक्विपाला नवं केंद्र उभारायला गेलेल्या तुकडीत काम. १८९४ साली पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत हौशी खगोलप्रेमीनं त्यांना एक दुर्बीण देऊन ॲरिझोनात पाठवलं. कुठल्या गावावरची हवा सर्वांत स्थिर आहे ते पाहून वेधशाळेची जागा ठरवायची होती. गावोगाव दुर्बीण लावून ठरलं ते फ्लॅगस्टाफ. लॉवेल यांची वेधशाळा आजही तिथेच आहे.

लॉवेल यांना मंगळावर कालवे दिसत होते आणि ते कालवे कुणीतरी बुद्धिमान जीवांनी खणले आहेत अशी त्यांची खात्री होती. सुरुवातीला डग्लसही रेषा काढत होते. पुढे त्यांना शंका आली आणि त्यांनी शंकेचं प्रयोगात रूपांतर केलं. लांबवर गोळे टांगायचे आणि ग्रह पाहतात तसे दुर्बिणीतून पाहायचे. गोळ्यावर जे मुळी नाहीच, तेही डोळ्याला दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. लॉवेल आधी सिद्धांत ठरवतात आणि मग त्याला पुरावे शोधतात, अशा अर्थाचं पत्र त्यांनी लॉवेल यांच्या मेव्हण्याला लिहिलं. व्हायचं तेच झालं. १९०१ साली त्यांना कामावरून काढून टाकण्यात आलं.

पुढची काही वर्षं त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकली जातात, पण तुमच्यासारख्यांनी ती नीट वाचावीत. वेधशाळा नाही, दुर्बीण नाही. फ्लॅगस्टाफमध्येच राहून त्यांनी निवडणूक लढवली आणि स्थानिक प्रोबेट (मृत्युपत्रं आणि वारसाहक्क यांचे) न्यायाधीश झाले. पुढे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत स्पॅनिश शिकवलं. १९०६ साली टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात साधी नोकरी मिळाली. झाडांवरचं त्यांचं काम या मधल्या, वेधशाळेविनाच्या वर्षांत सुरू झालं.

त्यांचा तर्क साधा होता. सौरडाग साधारण ११ वर्षांच्या आवर्तनात वाढतात आणि कमी होतात. सूर्याचा हवामानावर परिणाम होत असेल तर ते आवर्तन पावसात दिसायला हवं. पण ॲरिझोनात पावसाच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या होत्या, त्यांत ११ वर्षांची आवर्तनं मोजून किती बसणार? १९०१च्या एका प्रवासात पठारावरून खाली वाळवंटाकडे उतरताना उंची आणि पाऊस यांनुसार झाडोरा कसा बदलत जातो, हे त्यांनी पाहिलं. इतक्या कोरड्या मुलखात झाड जगतं की नाही हेच पावसावर ठरत असेल, तर त्या वर्षीचं वलय रुंद की अरुंद हेही पावसावरच ठरणार. म्हणजे पावसाची जुनी नोंदवही खोडातच आहे. १९०४च्या जानेवारीत ते गावातल्या लाकूड कंपनीच्या वखारीत गेले आणि पाँडेरोसा पाइनच्या ओंडक्यांवरची वलयं मोजू लागले.

वलयं मोजणं नवं नव्हतं; लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतही वलयं आणि ओली-कोरडी वर्षं यांचा संबंध आहे. डग्लस यांनी नवं काय केलं, तर जुळणी. आम्ही तिला क्रॉसडेटिंग म्हणतो. नुसतं सालीपासून आत मोजत गेलात तर चुकता, कारण फार दुष्काळी वर्षी झाड खोडाच्या काही भागात वलय धरतच नाही, आणि हंगामाच्या मध्येच वाढ थबकून पुन्हा सुरू झाली तर एका वर्षात दोन वलयं भासतात. पण एका परिसरातली सगळी झाडं दुष्काळ एकाच वर्षी सोसतात. त्यामुळे अरुंद वलयांचा क्रम, म्हणजे दोन अरुंद, मग चार बरी, मग एक अगदी केसासारखं, हा सगळ्या खोडांत सारखाच असतो. तो क्रम एका खोडावरून दुसऱ्यावर ताडून पाहिला की कुठे वलय गहाळ आहे आणि कुठे खोटं आहे ते उघडं पडतं. डग्लस यांना हे क्रम तोंडपाठ झाले होते. एकदा रानात जुना बुंधा दिसला तेव्हा वलयं पाहून त्यांनी झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगितलं, आणि तिथल्या माणसानं तेच वर्ष असल्याची खात्री दिली. १९११ साली ॲरिझोनातल्याच प्रेस्कॉट गावच्या झाडांत फ्लॅगस्टाफचाच क्रम दिसला. मध्ये शंभरएक किलोमीटर अंतर होतं. तेव्हा ही जुळणी एका वखारीपुरती नाही, हे पक्कं झालं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. यात खगोलशास्त्र कुठे आहे? माझ्या मते तीन ठिकाणी. आकाशाचे वेध घेणाऱ्याला एकेक नोंद तारखेनिशी ठेवायची शिस्त असते. तारीख चुकली तर निरीक्षण फुकट. दुसरं, ठिपक्यांच्या मांडणीतून ओळखीचा आकार उचलायची नजर. तिसरं, शंभर वर्षं हा काळ ज्याला फार वाटत नाही असं मन. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही हे जमलं असतं, नाही असं नाही. पण वलयाची तारीख एका वर्षानंही चुकता कामा नये, असा हट्ट धरायचं कारण डग्लस यांच्याकडे होतं: ११ वर्षांचं आवर्तन शोधायचं तर दोन-तीन वर्षांची चूक परवडत नाही.

गंमत पुढे आहे. ज्या आवर्तनासाठी हा सगळा खटाटोप झाला, ते आवर्तन भरवशानं कधीच सापडलं नाही. डग्लस यांनी त्यासाठी खास प्रकाशयंत्र बनवलं, १९१९, १९२८ आणि १९३६ साली तीन जाडजूड खंड छापले, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या सिकोया वृक्षांपर्यंत जाऊन ३,००० वर्षांहून लांब मालिका उभी केली. काही झाडांत काही शतकं ११ वर्षांचा ठेका दिसे, मग विरून जाई. ते १९६२ साली, ९४व्या वर्षी वारले, तोवर त्यांचा आवर्तनांवरचा विश्वास कायम होता. दहा वर्षांनी, १९७२ साली, त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या लामार्श आणि फ्रिट्स यांनी मोठ्या माहितीसंचावर तपासणी केली. सौरडाग आणि वलयांची रुंदी यांत ठाम संबंध काही मिळाला नाही.

काही लोक इथे डग्लस यांनाही लॉवेलच्या रांगेत बसवतात: यानंही आधी सिद्धांत ठरवला आणि मग पुरावे शोधले. मला ते पटत नाही. लॉवेल यांची चित्रं लॉवेल यांच्या डोळ्याविना निरुपयोगी होती. डग्लस यांची मोजमापं वर्षवार आकड्यांत छापलेली होती आणि तारखा सौरडागांवर अवलंबून नव्हत्या. सिद्धांत कोसळला तरी खालची जमीन हलली नाही. खगोलातून जीवशास्त्रात येणाऱ्यानं त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी हीच सांगेन: आपलं निरीक्षण असं बांधायचं की आपलं अनुमान चुकलं तरी ते दुसऱ्याच्या कामी यावं.

आणि ते आलंही, भलत्याच माणसांच्या. नैर्ऋत्य अमेरिकेत प्युब्लो या मूळनिवासी लोकांच्या जुन्या दगडी वस्त्या आहेत, त्यांचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या छपरांत पाइनच्या तुळया होत्या. पुरातत्त्वज्ञांनी डग्लस यांच्याकडे तुकडे पाठवायला सुरुवात केली. तुळयांची आपसांत जुळणी होऊन ५८५ वर्षांची सलग मालिका तयार झाली, पण ती अधांतरी होती. जिवंत झाडांपासून मागे नेलेल्या मालिकेला ती कुठे जोडायची ते कळत नव्हतं. २२ जून १९२९ रोजी शो लो या गावी अर्धवट जळालेली एक तुळई सापडली. एचएच-३९ असा तिचा क्रमांक. ठिसूळ झालेलं लाकूड मेणाच्या द्रावणात भिजवून टिकवलं, आणि त्याच रात्री दिव्याच्या उजेडात डग्लस वलयं वाचत बसले. सर्वांत आतलं वलय १२३७चं निघालं. सांधा जुळला. चाको कॅन्यनमधल्या प्युब्लो बोनितो या वस्तीच्या लाकडांना इ.स. ९१९पासूनच्या तारखा मिळाल्या. खरं तर दोन्ही मालिका आधीपासूनच थोड्या एकमेकींवर येत होत्या. पण १२७६ ते १२९९ या भीषण अवर्षणात वलयं इतकी बारीक झाली होती की जुळणीवर विश्वास ठेवायची हिंमत होत नव्हती.

मध्यंतरी त्यांनी खगोलशास्त्र सोडलं होतं असंही नाही. टूसॉनमध्ये लाविनिया स्टुअर्ड या बाईंनी १९१६ साली ६०,००० डॉलर दिले, त्यातून ३६ इंची दुर्बीण उभी राहिली आणि १९२३ साली स्टुअर्ड वेधशाळेचं उद्‌घाटन झालं. तिचे पहिले संचालक डग्लसच. वृक्षवलय प्रयोगशाळा १९३७ साली निघाली, तेव्हा तिला तात्पुरती म्हणून विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या पायऱ्यांखालची जागा मिळाली. ‘तात्पुरती’ची व्याख्या सरकारी असावी, स्वतंत्र इमारत मिळायला पाऊणशे वर्षं लागली.

आता परिसंस्थेची बाजू, कारण भौतिकशास्त्रातून आलेले विद्यार्थी इथेच घसरतात. ओढ्याकाठच्या झाडाची वलयं वर्षानुवर्षं सारखीच असतात. त्याला पाण्याची ददात नसते. आम्ही अशा झाडांना कॉम्प्लेसंट म्हणतो. त्याच जातीचं झाड खडकाळ उतारावर असेल तर प्रत्येक दुष्काळ त्याच्या खोडात दिसतो, ते सेन्सिटिव्ह. पाऊस हवा असेल तर कोरड्या कडेची झाडं, तापमान हवं असेल तर थंड उंचीवरची. कोणतं झाड निवडायचं यातच निम्मं उत्तर ठरतं, आणि ते संगणकावर बसून कळत नाही. झाडाची वाढ नेमकी कशामुळे अडते, मागच्या वर्षीचा साठा यंदा किती पुरतो, कुठल्या महिन्याचा पाऊस वलयात उतरतो, हे सगळं शरीरक्रियेच्या अंगानं बसवलं ते हॅरॉल्ड फ्रिट्स यांनी, डग्लस यांच्या पुढच्या पिढीत. डग्लस सुदैवी होते. त्यांच्या दाराशी उभी असलेली झाडं आपोआपच सेन्सिटिव्ह निघाली. भारतात काम करणाऱ्याला हे सुदैव नाही.

या शिस्तीचा व्यवहारात काय उपयोग, असं कुणी विचारलं की मी कोलोरॅडो नदीचं उदाहरण देतो. १९२२ साली तिच्या पाण्याची वाटणी झाली: वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७.५ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे दोन्ही मिळून १५ (एक एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट). हा अंदाज त्याआधीच्या थोड्या वर्षांच्या मोजमापांवर बेतला होता. १९७६ साली स्टॉकटन आणि जेकोबी यांनी वलयांवरून कित्येक शतकांचा प्रवाह काढला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी सुमारे १३.५ निघाली. वाटणीसाठी जी वर्षं धरली, ती नेमकी असाधारण ओली होती. जे पाणी नदीत नसतंच, ते कागदावर वाटून झालं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

सूर्याचं काय झालं? तो मागच्या दारानं परत आला. १९२२ साली इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड माँडर यांनी डग्लस यांना कळवलं होतं की १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच. डग्लस यांच्या वहीत त्या सुमाराला ११ वर्षांचा ठेका सपाट झाल्याची नोंद आधीच होती. तो योगायोग होता की नाही यावर मी पैज लावणार नाही. पण १९७६ साली अमेरिकन सौरशास्त्रज्ञ जॅक एडी यांनी हा डागहीन काळ खराच होता हे मांडलं, तेव्हा त्यांच्या पुराव्यांत वलयं होती. फरक इतकाच की त्यांची रुंदी नव्हे, त्यांतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. हा कार्बन वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होतो. सूर्य शांत असला की जास्त किरण आत येतात आणि कार्बन-१४ वाढतो. प्रत्येक वलय आपल्या वर्षाची हवा धरून ठेवतं. डग्लस लाकडात जे शोधत होते ते लाकडात होतंच, पण त्यांच्या हयातीत बराच काळ ते मोजायचं साधन नव्हतं. कार्बन कालमापन आलं ते १९४९च्या सुमारास.

२०१२ साली जपानच्या फुसा मियाके यांनी याकू बेटावरच्या सुगी (जपानी सीडर) वृक्षांच्या एकेका वलयात कार्बन-१४ मोजला आणि इ.स. ७७४-७७५ दरम्यान त्यात एकदम सुमारे १.२ टक्क्यांची उडी दाखवली. आज बहुतेकांचं मत असं की ते प्रचंड सौरवादळ होतं. बर्फाच्या थरांतले बेरिलियम आणि क्लोरिन यांचे समस्थानिकही तेच सांगतात. तशीच उडी ९९३ची आहे. तिचा वापर करून २०२१ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या नॉर्स (व्हायकिंग) वस्तीची लाकडं तपासली गेली. उडीच्या वलयापासून सालीपर्यंत २८ वलयं, म्हणजे झाड १०२१ साली तोडलं. सूर्याच्या वादळानं माणसाच्या कुऱ्हाडीची तारीख सांगितली. १८५९चं प्रसिद्ध कॅरिंग्टन वादळ मात्र वलयांत अशी उडी सोडून गेलेलं नाही, यावरून ७७४च्या वादळाची ताकद समजून घ्या.

आपल्याकडे यायचं तर पहिली अडचण पावसाची नाही, झाडांची आहे. आपल्या बहुतेक सदाहरित झाडांत वर्षाला एक असं भरवशाचं वलय नसतं. पानझडी सागवानाचं तसं नाही. ते कोरड्या ऋतूत पान टाकतं आणि नव्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची ओळ धरतं, त्यामुळे सीमा उघड्या डोळ्यांनी दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे परिसरातल्या सागवानावर काम प्रसिद्ध केलं. पुढे याच संस्थेतून केरळच्या सागवानाची ५२३ वर्षांची मालिका आली, १४८१ ते २००३, आणि तिच्यात एल निनोच्या वर्षांचे दुष्काळ दिसले. पण सागवान लबाडही आहे. वळवाचा पाऊस लवकर आला, मग मृगानं ओढ दिली, की खोटं वलय पडण्याचा धोका असतो. ते ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्यांचा आकार पाहावा लागतो. शिवाय आपण जुनं सागवान इतकं तोडलं आहे की म्हातारी झाडं शोधण्यातच हंगाम जातो.

इनामगाव किंवा नेवाशाच्या उत्खननातली कार्बन तारीख वाचाल तेव्हा ध्यानात ठेवा की ती कॅलेंडरच्या वर्षांत बदलायला जो आलेख वापरतात, त्याचा अलीकडचा भाग तारीख लागलेल्या वलयांवरच उभा आहे. घोड नदीकाठच्या झोपडीचं वय परदेशातल्या झाडांना विचारून ठरतं, ते असं.

तर, तुमचं काय वाया जाईल? फार थोडं. कालमालिका, आवर्तनं शोधायचं वर्णपट विश्लेषण, गोंगाटातून संकेत वेगळा काढणं, हे जसंच्या तसं उपयोगी पडेल. झाड तरुणपणी रुंद आणि म्हातारपणी अरुंद वलयं धरतं, तो कल आधी काढावा लागतो. तोही काढताना शतकभराचा खरा हवामानबदल पुसला जात नाही ना, हे पाहावं लागतं. यंदाचं वलय मागच्या वर्षावर अवलंबून असतं, म्हणून १०० वलयं म्हणजे १०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. भौतिकशास्त्राच्या मुलांना हे एकदा सांगितलं की कळतं. नव्यानं शिकावं लागेल ते लाकडाची सूक्ष्मरचना, वनस्पती ओळखणं आणि वन विभागाची परवानगी मिळवणं. शेवटच्याला कमी लेखू नका. जिवंत झाडात बोअरर (पोकळ गिरमिट) घालून पेन्सिलीहून बारीक कोअर (लाकडाची कांडी) काढायलाही लेखी परवानगी लागते. म्हणून सुरुवात लाकूड डेपोतल्या चकत्यांपासून करा: पॉलिश कागदानं बारीक घासायची, भिंगाखाली धरायची, आणि यंत्रानं मोजायच्या आधी डग्लस करत तसं आलेखाच्या कागदाच्या पट्टीवर फक्त अरुंद वलयांच्या रेघा मारून हातानं जुळवायची. ज्याला हातानं जुळवता येत नाही, त्याच्या संगणकाच्या जुळणीवर मी विश्वास ठेवत नाही.

चालू प्रकल्प सोडू नका. जगभरच्या वलयांच्या मालिका आंतरराष्ट्रीय माहितीकोशात फुकट मिळतात. ॲरिझोनातली एखादी लांब मालिका उतरवून घ्या, तुमच्याजवळच्या सौरडागांच्या नोंदी तिच्यापुढे ठेवा आणि ११ वर्षांचं शिखर शोधा. बहुधा सापडेल. मग मालिकेचे दोन तुकडे करून प्रत्येकात वेगळं शोधा, आणि सौरडागांची नोंद काही वर्षं पुढेमागे सरकवूनही तेच करून पाहा. काय निघालं ते आकड्यांसह प्रबंधाच्या परिशिष्टात घाला. पुढे कुठल्याही वलय-प्रयोगशाळेत प्रवेश मागताना गुणपत्रिकेआधी ते परिशिष्ट दाखवा.